गोपनीय विहिरी

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत लोक किल्ला चढायला, लेणी बघायला आणि गणपतीला जातात. मी विहिरी बघायला गेलो. किल्ला पायथ्यावरून दिसला, तो चांगला आहे. लेण्यांचं पायऱ्यांमुळे राहिलं. गणपतीला रस्त्यावरूनच हात जोडले, कारण मला ज्यांच्याकडे मागणं होतं ते सगळे सरकारी नोकरीत होते आणि तिथे देवाचंही फारसं चालत नाही.

मी करमाळ्याकडचा. दुसऱ्याच्या बोअरच्या गाडीवर पाइप उचलायला लागलो तेव्हा मला मिसरूड फुटलं नव्हतं. आज माझी स्वतःची गाडी आहे. भाव करताना माझ्यापुढे कुणी फार वेळ टिकत नाही. लोक मला तापट म्हणतात. असेन. पण या प्रवासाला निघालो त्या रागाला कारण होतं.

त्या प्रवासाच्या आठ वर्षं आधी आंबेगावातल्या पेठ गावाच्या पलीकडे, पठारावर, मेंढपाळांच्या एका वस्तीत मी बोअर पाडलं होतं. दोनशे ऐंशी फूट गेलो. वर आला तो पांढरा धुरळा. त्या दिवसापासून त्या तालुक्यात माझं नाव 'कोरडे शेठ' पडलं. पुढे तीन वर्षांनी सरकारी पाण्याच्या खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी चहा पिता पिता मला सहज सांगितलं, की त्या वस्तीचा खडक सरकारनं माझ्या आधीच तपासला होता. 'खोल बोअरला पाणी लागण्याची शक्यता नाही' असा शेरा रजिस्टरमध्ये लिहून ठेवला होता. लिहून, कपाट लावून, किल्ली खिशात. मी तिकडे खडक फोडतोय आणि इकडे कपाटाला सगळं ठाऊक!

चहा त्या गृहस्थांच्या अंगावर सांडला नाही, एवढा संयम मी पाळला.

मग प्रवासाच्या वर्षी मार्चमध्ये त्याच वस्तीतून फोन आला. बाईचा आवाज होता.

"कोरडे शेठ का?"

"कोण बोलतंय?"

"हौसाबाई. पंचायतीत मेंबर हाय. वस्तीला पुन्यांदा एक बोअर मंजूर झालंय. एकच. ह्ये कोरडं गेलं का दुसरं न्हाई. दोन घरं पाण्यापायी मंचरला गेलीच, बाकीची बी उठतील."

"मग मला कशाला सांगता? दुसरा बघा."

"दुसऱ्याला आमची जमीन ठावं न्हाई. तुमी एकदा आमाला फसवलंय, तवा तुमालाच ठावं. या आन् जागा दावा."

फसवलं म्हणाली. मी त्याच आठवड्यात जीप काढली.

आधी ऑफिस

जागा दाखवायची तर आधी ते रजिस्टर हवं होतं. माहितीचा कायदा तेव्हा नवा नवा आला होता. सरकारी कागद कुणीही मागावा, असं पेपरात रोज छापून येत होतं. पेपर ऑफिसातही येत असावा, पण तो डबा खाताना खाली अंथरायला.

ऑफिसचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांना प्रसिद्धीची सवय नाही. खिडकीतला कारकून वयस्कर होता, शर्टाच्या खिशात तीन पेनं.

"जुन्नर आणि आंबेगावच्या विहिरींची पातळी पाहिजे. वर्षातून चार वेळा मोजता ती," मी म्हणालो.

"कशासाठी?"

"वाचायला."

"ती गोपनीय आहे."

"विहीर गोपनीय? गावातल्या म्हशींनासुद्धा ती कुठे आहे ते माहीत असतं."

"विहीर नाही हो. आकडे."

मी आवाज चढवला तशी मला आत साहेबांकडे नेलं. साहेब फार गोड माणूस. म्हणाले, "आपल्याकडे सगळं कॉम्प्युटरवर आहे. संपूर्ण पारदर्शक." आणि खरोखरच घंटी वाजवून त्यांनी मला कडेला भोकं असलेल्या कागदाचा गठ्ठा दिला. मी उघडला. एका बाजूला नऊ-नऊ आकडी नंबर, दुसऱ्या बाजूला दशांश चिन्हं. गावाचं नाव कुठेच नाही.

"यातलं पेठ कुठलं?"

"ते कोडवरून कळतं."

"कोड कुठे आहेत?"

"त्यासाठी वेगळा अर्ज."

"साहेब, आमच्या बाजारात वांगी विकणारी बाई पाटी झाकून ठेवते का? झाकलेल्या पाटीला पारदर्शक म्हणतात, हे मला आज कळलं."

मला बाहेर न्यायला साहेबांनी पुन्हा घंटी वाजवली. पण नव्या कायद्यात कागद मिळत नसेल तर तिथे बसून मूळ रजिस्टर बघायचा हक्क आहे, हे मी पाठ करून गेलो होतो. दोन दिवस त्यांच्या बाकड्यावर बसून मी हातानं उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच कारकून स्वतःचा चहा घेऊन शेजारी येऊन बसला.

"माझं अक्षर लागतंय ना?" त्यानं विचारलं.

"लागतंय. सुंदर आहे."

"इतकी वर्षं मी हे भरतोय. वाचायला आलेले तुम्ही पहिलेच," तो म्हणाला आणि पेठच्या पलीकडच्या वस्तीचं पान त्यानं स्वतः काढून दिलं. शेऱ्याच्या रकान्यात ते वाक्य होतं. 'खोल बोअरला पाणी लागण्याची शक्यता नाही.' खाली तारीख, माझ्या बोअरच्या दोन वर्षं आधीची. मला आनंद झाला की राग आला, सांगता येत नाही. बहुतेक दोन्ही.

त्याच पानावर आणखी एक गोष्ट होती. वस्तीच्या जुन्या विहिरीत मेअखेरही पाणी टिकून राहिलेलं दिसत होतं, वर्षानुवर्षं. म्हणजे खोल नाही, पण जवळपास कुठेतरी पाणी होतं. तिथेच उथळ बोअर घ्यायचं, माझं ठरलं.

पण मी धंद्यात एक नियम पाळतो. गोणीतला माल हात घालून बघितल्याशिवाय घेत नाही. म्हणून आधी रजिस्टरमधल्या दुसऱ्या दोन गावांच्या विहिरी बघून आकडे खरे आहेत का ते तपासायचं, मग पेठ. एक राजुरी निवडलं, एक डिंगोरे.

राजुरी

नारायणगावात टोमॅटोच्या क्रेटच्या थप्प्यांतून जीप बाहेर काढण्यात अर्धी सकाळ गेली. राजुरीकडे मात्र डोळे निवले. द्राक्षांचे मांडव, ऊस, गोठ्यांत काळ्या-पांढऱ्या गाई. आमच्याकडे पाहुण्याला अर्धा तांब्या पाणी देतात आणि उरलेलं झाडाला घालतात. इथे पहिला तांब्या नुसता विसळून ओतून दिला, दुसरा भरून दिला. पाणी सांडल्याचा आवाज ऐकून माझ्या छातीत कळ आली.

ती विहीर बबनराव नावाच्या शेतकऱ्याची. कठड्यावर पिवळ्या रंगात सरकारी नंबर. जीप, हातात कागद, नाकावर चष्मा बघून ते पुढे आले.

"या साहेब. औंदा लवकर आलात मोजायला!"

समोरचा आपल्या फायद्याची चूक करत असेल तर ती दुरुस्त करायची नाही, हा माझा आणखी एक नियम. मी नुसतं हं म्हटलं.

"आधी दोन घास खाऊन घ्या. हीर काय पळून जाती का?"

ओट्यावर पान मांडलं. मासवडी. नावात मास आहे म्हणून मी आधी बिचकलो. पण तो बेसनाचा शिजवलेला पोळा, आत तीळ, सुकं खोबरं आणि तळलेला कांदा, माशासारखी वळकटी करून कापलेली, वर झणझणीत काळा रस्सा आणि बाजरीची भाकरी. आमच्याकडच्या ज्वारीच्या भाकरीशी मी कधी बेइमानी केली नव्हती, त्या दिवशी केली. तिसऱ्या भाकरीला माझ्या लक्षात आलं की मागे कुठेतरी मोटर चालू आहे. बबनराव वाढायचे थांबेनात. ताक. मग पुन्हा रस्सा. मग पान. मोटर चालूच.

जेवून विहिरीवर गेलो तर कपारीवर पाण्याची ओली रेघ दिसत होती आणि पाणी तिच्या पुरुषभर खाली.

"टाका टेप," बबनराव समाधानानं म्हणाले.

"टेप नाही. मी साहेब नाही. मी बोअरवाला."

"मग जेवलात कशाला, राव?" ते ओरडले, आणि मग स्वतःच खो-खो हसत कठड्यावर बसले. एकदा हसल्यावर माणूस खरं बोलतो. त्यांनी सांगितलं, मोजणीवाला पाहुणा आला की त्याला जेवल्याशिवाय विहिरीवर सोडायचं नाही, हा घरचा रिवाज. आणि तो जेवतोय तोवर मोटर चालू, हा रिवाजाचा दुसरा भाग.

"पाणी कमी दिसलं का गाव टंचाईत. टंचाईत आलं का कालव्याचं पाणी मागाया तोंड ऱ्हातं. आन् पाणी वर दिसलं तर काय, शाबासकी?"

"मोजणाऱ्याला कळत नाही?"

"कळतंय की. पर जेवलेला माणूस काय बोलणार?"

मी माझा कागद काढला. एका मे महिन्यात या विहिरीचं पाणी बाकी सगळ्या वर्षांपेक्षा कितीतरी खाली होतं. ऑफिसात मी त्यापुढे 'भीषण दुष्काळ?' असं लिहून ठेवलं होतं. बबनरावांना विचारलं.

त्यांनी जरा आठवलं. "थोरलीचा साखरपुडा व्हता त्या दिवशी. पंगत लई लांबली."

डिंगोरे

ओतूरवरून पुढे डोंगर जवळ येऊ लागतो आणि हवेला थोडी शुद्ध येते. तिथली विहीर दत्तूभाऊंची. शिकलेला माणूस, पेपर वाचणारा. त्यानं मला साहेब समजण्याची चूक केली नाही आणि जेवायलाही घातलं नाही. शहाणपणाचे असे तोटे असतात.

मी राजुरीची गोष्ट सांगितली. त्याला ती अडाणीपणाची वाटली.

"आमी तसलं करत न्हाई," तो म्हणाला. "आमी पाणी आत सोडतो."

"आत?"

"मोजणीच्या आदल्या दिशी शेजारच्या पाइपलाइनीचं पाणी हिरीत. चार हात वर येतं. पाणी खाली गेलं का गाव काळ्या पट्ट्यात टाकत्यात. मग नव्या हिरीला कर्ज न्हाई, मोटरीला कनेक्शन न्हाई. कोण सोसंल?"

म्हणजे जुन्नरच्या एका टोकाला पाणी उपसून मोजायचं आणि दुसऱ्या टोकाला ओतून मोजायचं. मधे तीन पेनांचा तो बिचारा म्हातारा सुंदर अक्षरात सगळं उतरवून घेतोय. माझं डोकं तापलं.

"लाज वाटत नाही? त्या आकड्यांवर उद्या कुणी विहीर खोदेल, बोअर पाडेल, त्याचं काय?"

दत्तूभाऊ शांतपणे म्हणाला, "भाऊ, ह्ये आकडे परत गावात येत्यात, कुणाच्या कामाला येत्यात, ह्ये आमाला आज तुमच्याकडनं कळतंय. आजपोतर आमाला कुणी एक कागद दाखवला व्हता? आमाला वाटायचं ही परीक्षा हाय. परीक्षेत पास झाल्यालं बरं का नापास झाल्यालं बरं, ह्ये बघून मान्स उत्तर लिवत्यात."

मला उत्तर सुचलं नाही की मी काहीतरी करून दाखवतो. म्हटलं, खरी पातळी मी स्वतः मोजतो. दोरीला दगड बांधला, कठड्यावर पोट टेकून वाकलो, आणि माझा चष्मा नाकावरून सुटून सरळ तळाला गेला. विहीर गढूळ नव्हती, चष्मा जाताना बराच वेळ दिसला.

गळ टाकून दोन तास शोधला. चष्मा निघाला नाही. गेल्या वर्षी पडलेली तांब्याची कळशी निघाली. दत्तूभाऊची बायको माझ्यावर इतकी खूश झाली की अखेर चहा मिळाला. पुढचा सगळा प्रवास मी रस्ता बघू शकत होतो, कागद नाही. दूरचं दिसतं, हातातलं दिसत नाही. ऑफिसातल्या साहेबांची मला प्रथमच थोडी दया आली.

पेठच्या पलीकडे

मुक्काम मंचरला केला आणि सकाळी पेठवरून वर पठारावर चढलो. हमरस्त्यावर ट्रकांच्या रांगा, हॉटेलं, ऊस. वर दहा-पंधरा मिनिटांत दुसरा देश. नांगरून ठेवलेली बटाट्याची रानं पावसाची वाट बघत पडलेली, झाड दिसलं की त्याखाली कुणीतरी बसलेलं. वस्ती तीसेक उंबऱ्यांची. शिरतानाच दोन बाया डोक्यावर हंडे घेऊन खालच्या मळ्याकडून वर येताना दिसल्या. मळा मैलभर तरी खाली.

हौसाबाई चाळिशीची, उंच, कुंकू मोठं. तिनं मला पाणी दिलं. पितळी फुलपात्र, तेही अर्धं. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं आणि मी थेंबही सांडला नाही. तिच्या ते लक्षात आलं.

देवळापुढे वीस-पंचवीस माणसं जमली. मी उभा राहून माझं भाषण सुरू केलं. सरकारनं कसं लपवलं, मी कसं शोधलं. शेऱ्याचं ते वाक्य पाठ होतं, ते दोनदा म्हणून दाखवलं. "म्हणजे दोष कुणाचा? खडकाचा आणि कपाटाचा. माझा नाही!"

"बरं," हौसाबाई म्हणाली. "आता जागा सांगा."

मी आत्मविश्वासानं जुन्या विहिरीकडे बोट केलं. म्हटलं, हिच्यात मेअखेर पाणी टिकतं, सरकारी आकडे आहेत, तिच्याशेजारी उथळ बोअर घ्या.

मग हौसाबाईचे सासरे, भिवाजी, खोकत हसायला लागले. आयुष्यभर मेंढरांमागे फिरलेला म्हातारा, हातात अजून काठी.

"पावणं, मे म्हैन्यात पाणी टिकायचं कारण आमी इथं नसायचो! दिवाळी झाली का समदी वस्ती मेंढरं घेऊन कोकणात उतरायची. मिरगाला माघारी. इथं ऱ्हायचं कोण? दोन म्हातारी आन् एक कुत्रं. पाणी पिनार कोण?"

"आणि आता?"

"आता मेंढरं चार घरातच ऱ्हायली. बाकीचे बटाटा लावत्यात, इथंच ऱ्हात्यात. आता हीर शिमग्यालाच तळ दावती. पर तवापासनं मोजाया कुणी फिरकलं न्हाई, कागदावर जुनंच पाणी लिवलंय, म्हनून टँकर बी मिळत न्हाई!"

राजुरीत आकडा खोटा होता, डिंगोऱ्यात खोटा होता. इथे आकडा खरा होता आणि तरी त्यानं वस्तीचा गळा धरला होता. मोजायला येणाऱ्यानं इतक्या वर्षांत एकदा 'गाव कुठे गेलंय?' एवढं विचारलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. पण तसा रकाना नव्हता.

"म्हंजे तुमच्या कागदावरनं बी जागा कळली न्हाई," हौसाबाई म्हणाली. "मग तुमी आलात कशाला?"

तिचा आवाज चढला नव्हता. मागे एक बाई पदर तोंडाला लावून उभी होती, तिचं पोर मंचरला बहिणीकडे ठेवलेलं, असं मला नंतर कळलं. मला तेव्हा फक्त एवढं दिसत होतं की पंचवीस माणसं पुन्हा 'कोरडे शेठ' म्हणायच्या बेतात आहेत. माझा तोल गेला.

"पुरावा पाहिजे ना? दाखवतो! दोनशे ऐंशी फूट प्रामाणिकपणे गेलो होतो मी, एक फूट कमी नाही!" जीपच्या खणात त्या वर्षाची माझी बोअरची डायरी होती. प्रत्येक बोअरवर मशीनवाला फुटाफुटाला काय लागलं ते त्यात लिहितो. ती मी साहेबांच्या टेबलावर आपटायला घेतली होती, पण साहेब इतके गोड निघाले की राहून गेली. ती आणली, उघडली. अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग.

"वाचा कुणीतरी. माझा चष्मा गेलाय."

"द्या हिकडं," हौसाबाई म्हणाली. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली ती. बोट ठेवून, एकेक शब्द सुटा करून, खणखणीत आवाजात वाचायची. तिनं पान शोधलं.

"शेवटची ओळ वाचा. दोनशे ऐंशी."

"पयल्यापासनं वाचते. शून्य ते चार, माती. चार ते सव्वीस, कातळ. सव्वीस ते अडतीस..." ती थांबली. बोट पुन्हा मागे नेलं. "सव्वीस ते अडतीस, तांबडा मुरूम, ओला. पाणी झिरपतंय. केसिंग पाइप टाकून बंद केला. अडतीस ते दोनशे ऐंशी, काळा दगड. कोरडं."

इथे 'मला विसर पडला होता' असं लिहिलं तर सोयीचं होईल. विसर पडला नव्हता. मऊ मुरूम ढासळू नये म्हणून बोअरवाले त्यात लोखंडी पाइप बसवतात आणि खाली जातात. पाइपामागे थोडं पाणी असलं तर तेही बंद होतं. उथळ झिरप्यात बोअरवाल्याला रस नसतो. आमचा धंदा फुटावर चालतो आणि अडतीस फुटांवर थांबणारा माणूस माझ्या पोटाला परवडत नाही. त्या वर्षी मी त्या ओळीवरून पुढे गेलो. आणि आठ वर्षांनी शेऱ्याचा तो सरकारी रकाना शोधत फिरलो, कारण तो माझ्या बाजूनं बोलत होता.

भिवाजी काठी टेकत उठले. "बोअर हिरीपासनं किती लांब व्हतं?"

"वीस पावलं," कुणीतरी म्हणालं.

"हीर किती खोल हाय?"

सगळ्यांना ठाऊक होतं. चोवीस फूट. त्यांच्या आजोबा-पणजोबांनी हातानं खणत नेली होती आणि कातळ फुटेना तशी सोडून दिली होती. दोन फूट आधी.

कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं. ती पदरवाली बाई तेवढी खाली बसली.

हौसाबाईनं डायरी मिटली, पण पानात बोट ठेवून. "बोअर नगं आमाला. हीर खोल करायची. माणसं आमची. कातळ फोडाया तुमचा कंप्रेसर पायजे."

"कॉम्प्रेसर भाड्यानं मिळतो," माझ्या तोंडातून सवयीनं गेलं.

"बरं. म्होरलं पान वाचू का? म्होरं बी गावाचं नाव हाय हितं."

"निम्मं भाडं."

तिनं पान उलटलं. "तारीख... गाव..."

"डिझेल तुमचं."

"शून्य ते सहा, माती..."

"बाई, थांबा! कॉम्प्रेसर तसाच घ्या. डिझेल माझं. चालवायला माणूसही माझा."

"आन् त्याची भाकरी आमची," ती म्हणाली. "आमी बी फुकट काय घेत न्हाई."

आयुष्यात मी पुष्कळ सौदे केले. इतका वाईट हरलेला दुसरा आठवत नाही, आणि समोरच्याच्या हातात माझीच वही असलेला तर नाहीच.

पुन्हा, कॉम्प्रेसर आणायला

पंधरा दिवसांनी मी नवा चष्मा लावून कॉम्प्रेसर परत न्यायला गेलो. ढग अजून नव्हते. विहिरीवर गर्दी होती, म्हणून मी आधी घाबरलो. जवळ गेलो तर बाया पाणी शेंदत होत्या. तळाचा कातळ फोडला होता, खाली तांबड्या मुरुमाची भिंत ओली चकचकीत दिसत होती आणि कमरेइतकं पाणी साठलं होतं. फार नाही. सकाळी उपसलं की दुपारपर्यंत पुन्हा भरतं, असं माझ्या माणसानं सांगितलं. तो त्या भाकरीवर गुबगुबीत झाला होता आणि निघायला राजी नव्हता. मंचरला गेलेल्या दोन घरांपैकी एकाचं दार उघडं होतं.

मी कॉम्प्रेसर जीपला जोडला आणि तिच्याकडेच राहिलेली डायरी मागायला हौसाबाईच्या अंगणात गेलो. तिथे चटईवर तीन अनोळखी माणसं बसली होती. शेजारच्या वाड्यांवरची. एकजण डायरी वाचत होता, दुसरा शाळेच्या वहीत उतरवत होता, तिसरा 'आमचा नंबर कधी' म्हणत होता. त्या एका डायरीत पठारावरची माझी अकरा बोअरं होती.

"ही माझ्या धंद्याची वही आहे," मी तापून म्हणालो. "अशी वाटायला नाही. उद्या जो तो विहिरी खोदायला लागला तर मी काय खाऊ?"

हौसाबाई आतून आली. मला फुलपात्र दिलं. काठोकाठ भरलेलं.

"आमचं पाणी तुमच्या वहीत आठ वर्षं ऱ्हायलं, पावणं," ती म्हणाली. "आता तुमची वही आठ दिस आमच्यात ऱ्हाऊ द्या."

मी ते पाणी पिऊन टाकलं, सगळं, आणि डायरी न घेता घाट उतरलो. घरी पत्र्याच्या पेटीत तशा आणखी एकोणीस डायऱ्या आहेत. पेटीला कुलूप आहे. गेल्या आठवड्यात त्याची किल्ली मी बायकोच्या हातात दिली आणि सांगितलं की कुणी वस्तीवरून आलं तर आधी गावाचं नाव विचार, आणि त्याला पान काढून दे.